आचारसंहिता लागली म्हणून प्रत्येकाची बंदूक जमा होत नाही

निवडणूक जाहीर झाली की एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: “सर्व परवानाधारकांनी तीन दिवसांत शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावीत, नाहीतर परवाना कायमचा रद्द. गुंडांचे गावठी कट्टे मोकाट, शेतकऱ्याची ठासणीची बंदूक मात्र ठाण्यात. परत मिळायला सहा महिने. आमचं सरकार आलं की हा कायदाच बदलू.”

यात एक तक्रार रास्त आहे, एक वाक्य निम्मं खरं आहे. बाकीची खिचडी आहे तीन वेगवेगळ्या कागदांची: शस्त्र घेऊन फिरण्यावरची बंदी, शस्त्र जमा करण्याची नोटीस आणि परवाना रद्द करण्याचा आदेश.

“सर्व परवानाधारकांनी जमा करावीत.”

सर्वांना लागू होते ती फक्त बंदी, आणि तीही शस्त्र घेऊन फिरण्यावर. निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं कलम १४४) ती लावतात. आपल्याकडे पुष्कळदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ वापरलं जातं. ही बंदी असताना बंदूक घरात कुलपात ठेवता येते, खांद्याला लावून बाजारात जाता येत नाही.

जमा करण्याचं प्रकरण वेगळं. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र आढावा घ्यायचा आणि गरज असेल त्यांचीच शस्त्रं जमा करायची. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी आणि विशेषतः निवडणुकीच्या काळात दंगलीत सापडलेले अशी उदाहरणं आयोगानेच दिली आहेत. यादी एवढ्यावर संपत नाही, पण तिचा रोख कळतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ च्या एका याचिकेत याची कार्यपद्धती घालून दिली. जिल्ह्यात छाननी समिती असते. तिच्यात जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक बसतात, तर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि त्यांचे सह किंवा अपर आयुक्त. निवडणूक जाहीर झालेल्या दिवसापासून छाननी सुरू होते आणि शक्यतो अधिसूचनेआधी संपवायची असते. मग ज्याचं नाव निघालं त्याला व्यक्तिशः नोटीस जाते. उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती काढता येते आणि मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत शस्त्र जमा करायचं असतं. संदेशातले ‘तीन दिवस’ या पद्धतीत कुठेच नाहीत.

२०२४ च्या विधानसभेचं वेळापत्रक यावर ठेवून पाहा. घोषणा १५ ऑक्टोबरला, अधिसूचना २२ ला, माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर, मतदान २० ला, मोजणी २३ ला. म्हणजे हजारो परवाने तपासायला समितीच्या हातात जेमतेम आठवडा. खरी गफलत इथे होते. वेळ अपुरा पडला की ठाण्यांकडून आलेली यादी जशीच्या तशी पुढे सरकते, आणि ‘वैयक्तिक आढावा’ म्हणजे छापील नोटिशीतल्या मोकळ्या जागेत भरलेलं नाव एवढाच उरतो. याच मुद्द्यावर लोक न्यायालयात गेले आहेत. सरसकट आदेश चालणार नाही, प्रत्येकाबाबत लेखी कारण हवं, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावलं. तेव्हा वर्तमानपत्रातलं ‘शस्त्रं जमा करा’ हे आवाहन म्हणजे नोटीस नव्हे. मात्र नावाने नोटीस आली असेल तर फिरत आलेल्या संदेशाच्या भरवशावर ती बाजूला ठेवू नये.

नेमबाजी स्पर्धांत भाग घेणारे राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे सदस्य आणि बँकांचे सुरक्षारक्षक यांना यातून सूट आहे.

“नाहीतर परवाना कायमचा रद्द.”

नोटीस मिळूनही शस्त्र जमा केलं नाही तर आदेशभंगाचा खटला होतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली (जुनं १८८). परवाना आपोआप जात नाही. तो निलंबित किंवा रद्द करायला शस्त्र अधिनियमाचं कलम १७ आहे. त्यात कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर कलम १८ खाली अपील होतं.

निवडणुकीत परवाना खरोखर कशाने जातो ते मात्र या संदेशात नसतंच. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १३४ ब: मतदानाच्या दिवशी मतदान केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन जाणं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दोष सिद्ध झाला की शस्त्र जप्त होऊ शकतं आणि परवाना रद्द झाला असंच धरलं जातं. इथे ‘शस्त्र’ म्हणजे फक्त बंदूक नव्हे, तलवारही त्यात येते.

“गुंडांचे कट्टे मोकाट.”

हे निम्मं खरं. गुन्ह्यांत पकडली जाणारी बहुतांश हत्यारं विनापरवाना असतात. जळगावच्या चोपडा तालुक्याला खेटून, मध्य प्रदेशच्या हद्दीत असलेलं उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांना तोंडपाठ आहे. विनापरवाना हत्यारं शोधण्याची खास मोहीम राबवा, असं आयोगाच्या त्याच सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. ती किती नेटाने राबवली जाते हा प्रश्न विचारायलाच हवा.

पण त्यावरून ‘परवान्याचं शस्त्र निरुपद्रवी’ असं म्हणता येत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच एका आमदाराने राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. ते पिस्तूल परवान्याचं असल्याच्या बातम्या होत्या. सहाच दिवसांनी दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाची हत्या झाली. तिथे वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं, उत्तर प्रदेशातल्या परवान्यावरचं निघालं. छाननीचा रोख बांधावरच्या माणसापेक्षा अशा परवान्यांवर असायला हवा, आणि आयोगाची उदाहरणंही तेच सांगतात.

“शेतकऱ्याची बंदूक ठाण्यात.”

संदेशातली रास्त तक्रार ही. विधानसभेची आचारसंहिता ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली तर कोकणात भातकापणी चालू असते. २०२४ ची लोकसभा १६ मार्चपासून ४ जूनपर्यंत चालली, म्हणजे काजू-आंब्याचा पुरा हंगाम तीत गेला. रानडुक्कर, गवारेडा आणि वानरं आचारसंहिता पाळत नाहीत.

उपाय आहे, पण तो वेळेत करावा लागतो. निवडणूक जाहीर झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे, छाननी समितीसाठी अर्ज द्यावा आणि आवक शिक्क्याची प्रत जवळ ठेवावी. सोबत परवान्याची प्रत, सातबारा आणि आधीच्या पीक नुकसानीचे पंचनामे किंवा भरपाईचे अर्ज. आपल्यावर गुन्हा दाखल नसल्याचंही लिहावं. समितीचा निर्णय अंतिम मानला जातो, त्यामुळे नोटीस निघाल्यावर धावाधाव करून फारसं हाती लागत नाही. उरतो तो उच्च न्यायालयाचा रस्ता.

अर्जात मागायच्या गोष्टी दोन आहेत आणि दुसरी बहुतेक जण विसरतात. जमा करण्यातून सूट मिळाली तरी फिरण्यावरची बंदी लागू राहते. बंदूक घरात ठेवायची मुभा म्हणजे रात्री बांधावर नेण्याची मुभा नव्हे. म्हणून मनाई आदेश नीट वाचावा आणि स्वतःच्या शेतात, गट क्रमांकासह, राखणीसाठी बंदूक नेण्याची परवानगी वेगळी मागावी. ही परवानगीसुद्धा राखणीपुरतीच. रानडुक्कर मारायचं तर वन विभागाची परवानगी लागते ती निराळी.

“परत मिळायला सहा महिने.”

निकालानंतर आठवडा झाला की लगेच शस्त्र परत करायचं, सुरक्षित साठवणीची आणि पावतीची जबाबदारी प्रशासनाची, असं आयोग सांगतो. २०२४ च्या विधानसभेपुरतं बोलायचं तर १ डिसेंबरच्या आसपास बंदूक घरी यायला हवी होती. उशीर होतो तो बहुधा ठाणं वरून आदेश येण्याची वाट पाहत बसतं म्हणून, किंवा पावतीवरचा आणि परवान्यावरचा क्रमांक जुळत नाही म्हणून. दुसरं कारण टाळणं आपल्या हातात असतं. पावतीवर परवाना क्रमांक, शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीच्या आतला व्यास), नळीवर कोरलेला क्रमांक, काडतुसांची संख्या, शस्त्राची स्थिती, तारीख, सही आणि शिक्का हे सगळं आहे ना, ते ठाण्याच्या दारातच तपासावं. कोरलेल्या क्रमांकाचा फोटो आधीच काढून ठेवावा. या काळात परवान्याची मुदत संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज थांबवू नये. बंदूक ठाण्यात आहे म्हणून मुदत वाढत नाही.

ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, ठाण्यात नेण्याआधी ती रिकामी असल्याची खात्री करावी. आधी टोपी, म्हणजे दारू पेटवणारी छोटी स्फोटक वाटी, काढायची. मग ठासणीचा गज नळीत सोडून तोंडाशी खूण करायची आणि तो बाहेरून नळीला लावून पाहायचा. गजाचं टोक टोपीच्या जागेपर्यंत पोचत नसेल तर आत बार आहे. तो परवानाधारक कारागिराकडून काढून घ्यावा. काळ्या दारूची काजळी दमट हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे तशीच ठेवलेली नळी आतून गंजते. गरम पाण्याच्या चिंधीने नळी धुऊन, पूर्ण कोरडी करून तेलाचा पातळ हात फिरवला तर दोन महिने ठाण्याच्या खोलीत राहूनही ती टिकते. हे न करता मग ‘पोलिसांनी बंदूक खराब केली’ म्हणण्यात अर्थ नाही.

“आमचं सरकार आलं की कायदाच बदलू.”

शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीतला, नोंद क्रमांक ५. एका माणसाकडे किती बंदुका, ते २०१९ मध्ये संसदेने ठरवलं. तिनावरून दोन केल्या आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. विधानसभा जिंकून यातलं काही हलत नाही. अमेरिकेत हलतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली आणि जुलै २०२० पासून तिथे बंदूक विक्रीआधीची पार्श्वभूमी तपासणी आणि महिन्याला एकच हँडगन असे कायदे लागू झाले. प्रचारातली ही भाषा तिकडून उसनी आली असावी. आपल्याकडे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्कही नाही.

राज्य सरकारच्या हातात आहेत ते जिल्हाधिकारी, पोलिसांचा अहवाल आणि काही अपिलं. म्हणजे फाइलचा वेग. ‘शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना देऊ’ हे आश्वासन तर जुनंच आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, नाकारण्याचं कायदेशीर कारण नसेल, तर परवाना द्यावा असं कलम १३ मध्ये १९५९ पासून लिहिलेलं आहे. सभेत हे आश्वासन ऐकू आलं तर एवढंच विचारावं: तुमच्या तालुक्यात पोलिसांच्या अहवालासाठी असे किती अर्ज पडून आहेत?