थोडंसं खाल्लं तर काय होतंय?

गेली सात वर्षं हा प्रश्न ऐकतेय. विचारणारी माणसं जिवाभावाची असतात, म्हणून उत्तर द्यायला जास्त जड जातं. आज सविस्तर लिहिते.

मला सीलिएक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की माझीच प्रतिकारशक्ती माझ्या लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व तिच्यातूनच शोषलं जातं. ती झडून सपाट होते. मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. माझं पोट कधी फारसं दुखलंच नाही, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. लोहाच्या गोळ्या मात्र वर्षानुवर्षं चालू आणि जिना चढला की धाप. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजीची, म्हणजे सीलिएकचा माग काढणारी रक्ततपासणी लिहून दिली, मग एंडोस्कोपी, बायोप्सी. (तुम्हाला शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडू नका. सोडलात तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.)

यावर औषध नाही. ग्लूटेन जन्मभर बंद, एवढाच उपचार.

आता त्या ‘थोडंसं’चा हिशेब. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये सहज २ ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग, काही महिने पोटात गेला तरी आतड्याला इजा होऊ शकते. बोटाला चिकटलेले चार कण म्हणा. म्हणून मी लोण्याच्या डब्यात दुसऱ्याची सुरी गेली की तो डबा सोडून देते. औषधाच्या गोळीत स्टार्च कशाचा आहे तेही विचारते.

हे नवं फॅड आहे म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा हा आजार असलेली मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९५० साली त्यांनी प्रबंधात तो पुराव्यानिशी मांडला. त्याआधी कितीतरी मुलं नेमकं कशानं झालं ते न कळताच गेली.

मागच्या महिन्यात मावशीकडे जेवायला गेले होते. तिनं माझ्यासाठी सगळं वेगळं शिजवलं होतं, भांडी दोनदा घासून. वाढताना मात्र गव्हाचं पीठ लावून दाट केलेल्या रश्श्यातला डाव तिनं तसाच माझ्या पातेल्यात घातला. डावाच्या कडेला पांढुरका थर होता, तो मला स्पष्ट दिसला. पूर्वी अशा वेळी मी भिडेखातर गपचूप जेवले आहे आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढले आहेत. या वेळी म्हटलं, “मावशी, आता मला हे चालणार नाही गं.”

तिचा चेहरा पडला. “अगं, डावच तर होता.”

मला रडू येत होतं, तिलाही. आजाराचा त्रास मी सोसते, पण माझ्यासाठी राबलेल्या माणसाला नाही म्हणणं मला अजून जमलेलं नाही. तुम्हाला एकच विनंती: आग्रह करू नका, आधी विचारा. आणि मी डबा घेऊन आले तर तो तुमच्या स्वयंपाकाचा अपमान समजू नका.

मावशी जरा वेळानं उठली, नवं पातेलं काढलं आणि मला शेजारी उभं केलं. म्हणाली, “आता तू सांग, कशाला हात लावू आणि कशाला नको.”