अ‍ॅनिमे १९६३ साली जन्मलं नाही

जपानी अ‍ॅनिमेशनच्या इतिहासाबद्दलचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अ‍ॅनिमे १ जानेवारी १९६३ला 'अ‍ॅस्ट्रो बॉय'पासून सुरू झालं, चित्रकथाकार ओसामु तेझुकांनी डिस्नेकडे बघून ते एकहाती उभं केलं आणि थोड्या चित्रांत काम भागवण्याची युक्तीही त्यांचीच. तेझुका मलाही फार प्रिय आहेत. पण त्यांच्या कौतुकापायी आधीच्या माणसांची नावं पुसली जावीत, हे बघवत नाही.

तारीख बरोबर आहे, पण ती त्या टीव्ही मालिकेची. जपानी चित्रपटगृहांत देशी अ‍ॅनिमेशन १९१७ सालीच लागलं होतं. ओतेन शिमोकावा, जुनिची कोउची आणि सेइतारो कितायामा हे तिघं तेव्हा आपापल्या परीनं धडपडत होते. कोउचींची 'नामाकुरा गाताना', म्हणजे बोथट तलवार, जेमतेम चार मिनिटांची. एक सामुराई नवी तलवार घेतो, धार बघायला वाटसरूंवर उगारतो आणि आंधळ्या मालिशवाल्याकडून मार खातो. ही फिल्म हरवली असंच सगळे धरून चालले होते. ओसाकाच्या जुन्या बाजारात तिची प्रत सापडली आणि २००८ साली ती पुन्हा लोकांसमोर आली. त्या काळातलं बरंच काम १९२३च्या भूकंपात गेलं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची मोजकीच रिळं उरलेली, त्यामुळे ही हळहळ आपल्याला वेगळी सांगायला नको. पुढे १९५८ साली तोएई या स्टुडिओचा 'हाकुजादेन' हा पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपटही आला. तेव्हा 'अ‍ॅस्ट्रो बॉय'ला अजून चार-पाच वर्षं होती.

डिस्नेचा प्रभाव होताच, तेझुकांनी तो कधी लपवला नाही. पण १९४५च्या एप्रिलमध्ये, बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेल्या ओसाकात, सोळा वर्षांच्या तेझुकांनी मित्सुयो सेओंचा 'मोमोतारो' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट पाहिला आणि त्यांना रडू फुटलं. नौदलाच्या पैशानं काढलेला तो प्रचारपट. त्यात जंगलातले प्राणी गाण्यातून 'आ, इ, उ, ए, ओ' शिकतात. आपणही एक दिवस असं काही करायचं, हे त्या पोरानं तिथंच ठरवलं. म्हणजे त्यांचा एक गुरू घरचाच होता.

राहिली युक्ती. फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) लागतात. एकच चित्र तीन चौकटींना वापरलं की आठ चित्रांत भागतं. अशी काटकसर अमेरिकेत यूपीए आणि हॅना-बार्बेरा हे स्टुडिओ आधीपासून करत होते. तेझुकांच्या मंडळींनी ती दर आठवड्याच्या धबडग्यात पेलून दाखवली: अ‍ॅटम, म्हणजे आपला अ‍ॅस्ट्रो बॉय, आकाशात उडतानाची चित्रं जपून ठेवायची, पार्श्वभूमी बदलायची आणि पुढच्या भागात त्याला पुन्हा उडवायचं. असे १९३ भाग त्यांनी काढले.