हात धुवा म्हणता, तर पाणी द्या

मे २०२०, सोलापूर. कोरोनाची टाळेबंदी चालू आहे. काल मी सासूबाईंवर ओरडले. कारण काय, तर त्यांनी हात धुतले. भाजीवाल्याकडून पिशवी घेतली म्हणून टीव्हीवर दाखवतात तसे साबण लावून, बोटांच्या बेचक्यांत चोळून धुवत होत्या. दुसऱ्या तांब्याला हात घातला आणि मी किंचाळलेच, "आई, पुरे की! पिंपात किती राहिलंय बघा जरा." त्यांनी भरलेला तांब्या गुपचूप पिंपात ओतला आणि हाताचा फेस पदराला पुसला. ७३ वर्षांची बाई, शुगरच्या गोळ्या चालू. म्हाताऱ्या माणसांना जपा म्हणून दिवसरात्र सांगतात, आणि मी त्याच माणसाला फेसाच्या हातानं उठवलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

ही वेळ माझ्यावर कुणी आणली, ते मला विचारायचंय.

सांगितलं ते सगळं केलं आम्ही. २२ मार्चला दारात उभं राहून थाळ्या वाजवल्या, ५ एप्रिलला रात्री ९ वाजता दिवे लावले. यंत्रमाग थांबले, ह्यांचा टॉवेलचा कारखाना बंद, पगार बंद. गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायकांना पान-तंबाखू मिळेना, सुपं रिकामी पडली. तरी घरात बसलो. मे महिन्यात, ४२ च्या वर पारा, पत्र्याखाली सहा माणसं. फोन लावावा तर आधी कोरोनाच्या सूचनेतला तो खोकला ऐकायचा आणि मग तेच, हात धुवा. कशानं धुवू?

आमच्या गल्लीत पाणी येतं चौथ्या दिवशी. कधी पाचव्या. घरात सहा जण, प्रत्येकानं दिवसातून दहा वेळा हात धुवायचे, एका वेळेला एक तांब्या धरला तरी साठ तांबे. आमचा तांब्या लिटरभराचा. चार दिवसांचे झाले २४० लिटर. माझं निळं बॅरल २०० लिटरचं आहे. म्हणजे नुसते हात धुवायचे म्हटले तरी बॅरल पुरत नाही. मग भांडी, धुणं, आंघोळ, संडास कशात करायचं? बाहेरून आलेले कपडे लगेच धुवा म्हणतात, भाजी मिठाच्या पाण्यात घाला म्हणतात. ज्यानं हे लिहून काढलं त्याच्या घरात नळ फिरवला की पाणी येत असणार. त्याला तांब्या मोजावा लागत नसणार.

दुष्काळ असता तर गप्प बसले असते. सोलापूरच्या माणसाला दुष्काळ काय सांगायचा? पण गेल्या पावसाळ्यात, २०१९ ला, उजनी धरण काठोकाठ भरलं. भीमेत इतकं पाणी सोडलं की पंढरपुरात चंद्रभागेला पूर आला. ११७ टीएमसीचं धरण आपल्या जिल्ह्यात, तिथून शंभर किलोमीटरहून लांबची जलवाहिनी शहरापर्यंत आलेली, शिवाय भीमेवरच्या टाकळीचं पाणी, हिप्परग्याचा तलाव. धरणातलं पाणी माझ्या दारापर्यंत यायलाच चार दिवस का लागतात? विचारलं की आज वीज गेली होती, उद्या पाइप फुटला, परवा टाकीच भरली नाही. वर्षानुवर्षं हीच उत्तरं. आम्ही सोसली, कारण तेव्हा अंगाला घाम राहिला तर राहिला. आता जीवाचा प्रश्न आहे.

आणि वेळ? वेळच नाही त्याला. कधी पहाटे साडेतीन, कधी रात्री एक. दहा घरांत एक नळ, त्यात दीड तास पाणी, धार करंगळीएवढी. सहा फूट अंतर ठेवा म्हणे! घागरीला घागर लागलेली असते. तोंडाचा रुमाल पाण्यानं भिजून नाकाला चिकटतो, श्वास घेता येत नाही, तो खाली ओढावाच लागतो. किराणा दुकानापुढं चुन्याचे गोल आखलेत, तिथं लांब उभं राहून काय उपयोग, जर रात्री नळावर एकमेकींच्या अंगावर पडायचं असेल?

खरं सांगते, पाणी येतं त्या रात्रीसारखं सुखही दुसरं नाही. नळातून आधी नुसती हवा येते, फुस्स फुस्स, मग गढूळ गुळणी, आणि मग धार. शेजारच्या अक्का तेलुगूत हाक देतात, "नीळ्ळु वच्चिनय!" आणि सगळ्या गल्लीचे दिवे लागतात. दिवसभर दारं लावून बसलेली माणसं एकमेकांना दिसतात. गेल्या खेपेला माझं बॅरल भरल्यावर अक्कांनी त्यांची नळी आमच्या पोरांवर धरली, दोन मिनिटं फक्त. दोन महिन्यांत पोरं अशी हसलेली मी ऐकली नव्हती. मग ओल्या दगडावर बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, रात्री अडीच वाजता.

पण एवढ्यासाठी चार रात्री टक्क जागं राहायचं? जास्त पाणी नाही देता येत, मान्य. निदान वेळ तरी सांगा! दुपारी दोनला देतो म्हणा, रात्री दोनला म्हणा, पण म्हणा. सगळ्यांच्या हातात मोबाइल आहेत, खोकला ऐकवता येतो तर एक ओळ पाठवता येत नाही?

आज चौथा दिवस. पावणेदोन वाजलेत. नळी लावून उंबऱ्यावर बसलेय. आई आतून दुसऱ्यांदा विचारतायत, "आलं का गं?" आलं की पहिली बादली त्यांच्यापुढं ठेवणार आहे, साबणाच्या वडीसकट.