‘चालतंय ना, मग कशाला बदलायचं?’ : नेरूळच्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

‘नेरूळचा एक जुना वाचक’ एवढीच सही तुम्ही केली आहे, तेव्हा मी नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. घरून काम करणाऱ्यांनी एमएस ऑफिसची जुनी आवृत्ती बदलावी, असं मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोज १० च्या कॉम्प्युटरवर तुमचं २०१० चं एमएस ऑफिस आहे आणि सोसायटीचे हिशेब, इतिवृत्तं, नोटिसा त्यात बिनबोभाट चालू आहेत. ‘सपोर्ट संपला’ ही कंपनीनं उठवलेली आवई, आणि माझ्यासारखे लोक ती फुकटात पसरवतात. नवं घ्यायचं तर दरवर्षी भाडं भरा. आणि गेल्या खेपेला कॉम्प्युटर बदलला तेव्हा मराठी फायलींचा पार चिवडा झाला, तो निस्तरायला कोणी आलं नाही. वर एक टोमणा: ‘ऑनलाइन तीनशे रुपयांत आजीवन की मिळते, हे बाईंना माहीत नसावं.’

माहीत आहे. की म्हणजे प्रोग्रॅम चालू करायचा परवाना-क्रमांक. त्याकडे येतेच.

जाहिरातीचा आरोप आधी निकालात काढू. कोणतीही कंपनी मला छदामही देत नाही. ठाण्याच्या पांचपाखाडीतल्या घरी बसून मी चार-सहा सोसायट्यांचे आणि काही दुकानांचे हिशेब लिहिते, त्यावर माझं भागतं. म्हणूनच तुमची प्रतिक्रिया वाचताना तुमचं टेबल मला डोळ्यासमोर दिसत होतं. अशी बरीच टेबलं मी पाहते.

सपोर्ट संपला म्हणून प्रोग्रॅम मरत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. तुमचं २०१० उद्याही उघडेल, पाच वर्षांनीही उघडेल. १३ ऑक्टोबर २०२० ला संपलं ते एवढंच: त्यानंतर त्यात सापडलेली भोकं बुजवणं. २०१३ ची तीच गत ११ एप्रिल २०२३ ला झाली. २०१६ आणि २०१९ या दोघांची १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्याच दिवशी तुमच्या विंडोज १० चाही नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा दुरुस्त्यांची मुदतवाढ आहे, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि नाव नोंदवलं तरच.

आता बुजवलं नाही म्हणून बिघडतं कुठे? तुमचा कॉम्प्युटर कपाटासारखा बंद असता तर कुठेच नाही. पण तुम्हीच लिहिलंय की ऑडिटरच्या फायली मेलवर येतात, सभासद अर्ज पाठवतात, लिफ्टवाला आणि रंगकामवाला कोटेशन पाठवतात. म्हणजे ज्यांच्या कॉम्प्युटरची तुम्हाला काडीची माहिती नाही, अशांच्या फायली तुम्ही रोज उघडता. वर्डमध्ये गणिती समीकरणं लिहायचं एक जुनं उपांग होतं, इक्वेशन एडिटर. त्यातलं भोक सतरा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते बुजवलं आणि जानेवारी २०१८ मध्ये ते उपांगच काढून टाकलं. तरी पुढे कित्येक वर्षं लुटारू तेच भोक वापरत राहिले, कारण दुरुस्ती न घेतलेले कॉम्प्युटर त्यांना मिळत राहिले. नुसती फाईल उघडली की काम तमाम, मॅक्रो, म्हणजे फाईलमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, चालू करायचीही गरज नाही. त्या वेळी तुमच्या २०१० ला दुरुस्ती मिळाली होती. २०२० नंतर असं काही सापडलं असेल तर ती मिळालेली नाही. २०१० मध्ये बाहेरच्या फायलीवर पिवळी पट्टी येते, ती चांगलीच सोय आहे. पण खरं सांगा, त्यावरचं बटण दाबण्याआधी तुम्ही कधी थांबता का? मी तरी कोणाला थांबलेलं पाहिलं नाही.

दुसरं नुकसान जास्त गुपचूप होतं, आणि हिशेबवाल्यांनी त्याला जास्त घाबरावं. हल्ली तरुण सीए एक्सेलमध्ये ‘एक्सलूकअप’ सर्रास वापरतात. यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारं हे सूत्र २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत आहे. २०१९ मध्येसुद्धा नाही. अशी फाईल तुमच्या २०१० मध्ये उघडली तर आकडे व्यवस्थित दिसतात. ते आकडे म्हणजे पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर निघालेलं शेवटचं उत्तर. तुम्ही एका फ्लॅटची थकबाकी बदलली आणि ते सूत्र पुन्हा मोजलं गेलं, की तिथे ‘नेम’ची (#NAME?) चूक उमटते. ती उमटली तर एक वेळ बरं, निदान कळतं. काही न बदलता पान छापलं तर कागदावर काहीच खटकत नाही, आणि ‘चालतंय ना’ हे आपलं मत पक्कं होतं.

आता मराठी फायलींचा चिवडा. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमचा खरा राग इथे आहे आणि तो रास्त आहे. फक्त तो ऑफिसच्या आवृत्तीवर काढू नका.

तुमची २००२-०३ पासूनची इतिवृत्तं शिवाजी फॉन्टमध्ये आहेत. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती या सगळ्यांची जुनी पद्धत एकच: इंग्रजी अक्षरांना देवनागरीचा मुखवटा चढवायचा. कॉम्प्युटरच्या लेखी ती फाईल इंग्रजीच असते. नव्या मशीनवर तो फॉन्ट टाकला नाही की मुखवटा गळून पडतो आणि खालची अगम्य इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तुमच्या बाबतीत तेच झालं. तो फॉन्ट परत टाकला असता तर फायली तिथल्या तिथे वाचता आल्या असत्या, ऑफिस कुठलंही असतं तरी.

त्याच वेळी ‘काही फायली वाचता येत होत्या, पण पानं सरकली’ असंही तुम्ही लिहिलंय. तो वेगळा आजार. त्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या पद्धतीत, मंगल फॉन्टमध्ये असणार. विंडोज १० पासून मंगल आपोआप येईलच असं नाही. तो सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या गठ्ठ्यात असतो. तो नसला की निर्मला यूआय हा फॉन्ट जागा घेतो, ओळींची उंची बदलते आणि दोन पानांची नोटीस तिसऱ्या पानावर सांडते. गठ्ठा टाकला की पानं जागेवर येतात.

कुठली फाईल कोणत्या प्रकारची, हे ओळखायला सोपी युक्ती आहे. मजकूर निवडून त्याचा फॉन्ट एरियल करा. देवनागरी तशीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी कचरा दिसला तर जुना फॉन्ट. मग कंट्रोल-झेड दाबून पूर्ववत करा.

जुन्या फॉन्टमध्ये अजूनही टाइप करत असाल तर नवी आवृत्ती घातल्यावर आणखी एक गंमत होते, जिनं नौपाड्यातल्या कितीतरी टायपिंगवाल्यांना छळलंय. वर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतं. कृतिदेवमध्ये छोट्या ‘डी’वर क आहे आणि मोठ्या ‘डी’वर अर्धा क. म्हणजे वाक्य ‘क’नं सुरू झालं की तो अर्धा होऊन बसतो. सरळ अवतरणचिन्हाच्या कळांवर अर्धा श आणि अर्धा ष आहेत. वर्ड ती चिन्हं गोलाकार करतं आणि अक्षर बिघडतं. जुन्या मशीनवर कोणीतरी कधीकाळी ऑटोकरेक्टमध्ये जाऊन हे बंद करून दिलेलं असतं. नव्या मशीनवर ते पुन्हा बंद करायचं असतं आणि ते कोणाच्या लक्षात नसतं. लोक म्हणतात, नवं वर्ड मराठीला चालत नाही.

यावर कायमचा उपाय म्हणजे युनिकोड, आणि तो आत्ता करणं बरं, कारण तुमचं सध्याचं मशीनही कधीतरी बसणारच. पण क्रम पाळा. जुना सेटअप शाबूत असताना आधी सगळ्या इतिवृत्तांची पीडीएफ काढा. फॉन्ट पीडीएफच्या पोटात जातो, मग कुठेही वाचता येतं. नोंदीपुरतं बऱ्याच सोसायट्यांना एवढंच पुरतं. जी फाईल पुढेही बदलावी लागते, तिचंच युनिकोडमध्ये रूपांतर करा, आणि रूपांतरक, म्हणजे ते करणारा प्रोग्रॅम, त्या त्या फॉन्टचाच घ्या, कारण शिवाजीचे आणि श्रीलिपीचे संकेत एक नाहीत. झालं की ‘वार्षिक’ हा शब्द शोधून बघा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ‘वार्षिक’मध्ये दोन्ही एका जागी आहेत, त्यामुळे तो शब्द नीट उतरला तर बहुतेक सगळं नीट उतरलं. एक्सेलमधले आकड्यांचे रकाने मात्र रूपांतरकात घालू नका. आकडे मजकूर होऊन बसले तर बेरीज शून्य येते. आणि सभासदांची नावं-पत्ते असलेला मजकूर कुठल्याही अनोळखी फुकट संकेतस्थळावर चिकटवू नका. इंटरनेट बंद ठेवून चालणारा रूपांतरक वापरा.

भाड्याच्या मुद्द्यावर मी बरीचशी तुमच्याच बाजूची आहे. दरवर्षी पैसे भरायची योजना मला स्वतःला आवडत नाही. भरणं थांबवलं की फायली उघडतात, छापता येतात, पण बदल करता येत नाही. हिशेबाच्या माणसाला ही टांगती तलवारच. तिचा फायदा मोठ्या कुटुंबाला: फॅमिली योजनेत सहा जण बसतात आणि प्रत्येकाला ऑनलाइन एक टीबी जागा मिळते. एकट्या सेक्रेटरीला काय करायचंय ते? एकदाच पैसे भरून घ्यायची आवृत्ती अजून मिळते, २०२४ ची. पण तिथेही मेख आहे. तुमच्या २०१० ला दहा वर्षं सपोर्ट मिळाला. २०२१ चा पाच वर्षांत, १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो आणि २०२४ चा ९ ऑक्टोबर २०२९ ला. किंमत एकदाच, पण आयुष्य निम्मं. यावर चिडायला तुम्हाला माझी परवानगी नको.

म्हणून तुमच्यासारख्यांना मी लिब्रेऑफिस हा फुकट मिळणारा ऑफिस-संच सुचवला होता, ते तुम्ही ‘फुकटचं, म्हणजे कच्चं’ म्हणून झटकलंत. ते २०१० मध्ये ओपनऑफिस या तशाच फुकट संचातून वेगळं झालं, म्हणजे तुमच्या ऑफिसच्याच वयाचं आहे. फरक इतकाच की त्याची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. ऑगस्ट २०२४ च्या आवृत्तीपासून त्यात एक्सलूकअपसुद्धा आहे. ते तुमच्या २०१० च्या शेजारी बसतं, काही काढून टाकावं लागत नाही. महिनाभर बाहेरच्या फायली त्यात उघडा आणि स्वतःच्या जुन्या फायली जुन्यात ठेवा. मांडणी काही वेळा हलते, हे खरं. ऑडिटरला परत पाठवायची फाईल असेल तर एकदा त्यांच्याकडे कशी दिसते ते विचारा.

तीनशे रुपयांची की. एवढ्या पैशांत विकल्या जाणाऱ्या बहुतेक किया मोठ्या संस्थांच्या घाऊक परवान्यातल्या असतात, एकच की शेकडो लोकांना विकलेली. कंपनीच्या लक्षात आलं की ती बंद होते आणि विकणारा तोवर नाव बदलून बसलेला असतो. माझ्या ओळखीतल्या एकाची अशी की नेमकी रिटर्न भरायच्या आठवड्यात मेली. यावर याहून जास्त शाई खर्च करण्यासारखं काही नाही.

नवं घातलंत, कुठलंही, तर पहिल्या दिवशी विंडोजचा प्रदेश ‘इंग्लिश (इंडिया)’ आहे ना ते बघा. अमेरिका असेल तर ०५/०४ म्हणजे पाच एप्रिलऐवजी चार मे होतो, २५/०४ नुसता मजकूर होतो आणि थकबाकीचं व्याज भलतंच निघतं. लाखाचे स्वल्पविरामही त्याच सेटिंगनं जागेवर येतात. फाईल आपोआप जतन होण्याची नवी सोय वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेतल्या फायलींनाच लागू आहे. डी ड्राइव्हवरच्या फायलींसाठी तीच जुनी दहा मिनिटांनी नोंद ठेवणारी व्यवस्था. ठाण्यात शुक्रवारी देखभालीसाठी वीज गेली की हा फरक लगेच कळतो, नेरूळला तुमचं नशीब बरं असेल तर उशिरा कळेल.

राहिला तुमचा मेंटेनन्स बिलांचा मॅक्रो, जो ‘कोणा मुलानं करून दिला आणि तो आता इथे नाही’. माझी खरी काळजी हीच आहे. त्यासाठी २०१० आत्ता काढू नका. मॅक्रोचा सगळा मजकूर एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये उतरवून ठेवा, आणि त्यात ‘डिक्लेअर’नं सुरू होणाऱ्या ओळी आहेत का बघा. असतील तर ६४ बिटच्या ऑफिसात त्या जशाच्या तशा चालणार नाहीत, ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घालून दुरुस्त कराव्या लागतील. नाहीतर ऑफिस ३२ बिटचं टाका, ती निवड सुरुवातीलाच करावी लागते. लिब्रेऑफिसमध्ये असे मॅक्रो अर्धेमुर्धेच चालतात, त्यावर भिस्त ठेवू नका. एका तिमाहीची बिलं जुन्या आणि नव्या दोन्हीत काढून ताळा करा. हे सगळं ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची वार्षिक सभा उरकल्यावर, ऑक्टोबरात. तोवर मेलमधल्या फायली २०१० मध्ये उघडणं तेवढं थांबवा.