मामा, तुझा ब्रँड पाहिजे

डोंबिवलीत मी बावीस वर्षं नळ दुरुस्त करतोय. सगळं बरं चाललं होतं. मग भाचा बीएमएस झाला.

"मामा, तुझी जाहिरातच नाही. धंदा वाढणार कसा?"

"वाढला तर जीएसटी भरावा लागेल ना रे?"

"20 लाखांच्या वर उलाढाल गेली तर."

मी निर्धास्त झालो. माझी उलाढाल स्कूटरच्या डिकीत मावते, वर पाइप पान्यालाही जागा उरते.

सुरुवात स्टेटसपासून झाली. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो टाकायचे. आता आमच्या कामाची गोची अशी, की ते नीट झालं तर दाखवायला काहीच उरत नाही. 'आधी'चा नळ आणि 'नंतर'चा नळ, दोघे जुळे भाऊ! फरक एका थेंबाचा, तोही फोटोत येत नाही. "उठून दिसेल असं टाक," भाचा म्हणाला. म्हणून तुंबलेला संडास टाकला. सकाळी साडेसातला, ऐन पोह्यांच्या वेळी. दोन गिऱ्हाइकांनी नंबर ब्लॉक केला. एका आजोबांनी मात्र सवयीने 'सुप्रभात' पाठवलं.

मग रिव्ह्यू. एका काकूंचा स्वयंपाकघरातला नळ टपकत होता. स्पिंडल काढला, झिजलेलं वायसर बदललं, परत आवळला. दहा मिनिटं.

"किती झाले?"

"दोनशे."

"अहो, दहा रुपयांच्या वायसरचे?"

"काकू, सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी जात होतं."

"जात कुठे होतं? खाली बादली होती की!"

तरी रिव्ह्यू दिला: 'काम उत्तम. माणूस सज्जन. चहासुद्धा घेतला नाही.' तीन स्टार. उरलेले दोन कुठे गेले विचारलं, तर म्हणाल्या, "पाच दिले की तुम्ही शंभरने भाव वाढवाल." शिवाय तो नळ त्यानंतर टपकलेलाच नाही, त्यामुळे काकूंचा फोनही नाही. एवढं चांगलं काम करून आपल्याच पोटावर पाय देणारा दुसरा धंदा मला माहीत नाही. (डॉक्टर निदान 'आठ दिवसांनी दाखवा' म्हणतात.)

शेवटी दोनशे स्टिकर छापले आणि रात्री जाऊन दिसेल त्या मीटर बॉक्सवर चिकटवले. सकाळी एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन.

"कोणाला विचारून लावलंत? परवाच रंग दिलाय! आत्ताच्या आत्ता येऊन काढा!"

गेलो. नखांनी खरवडून काढला, रंगाचा टवकाही सोबत आला. सेक्रेटरी कमरेवर हात ठेवून बघत होते. मी निघालो तसे म्हणाले, "थांबा. आलाच आहात तर गच्चीवर चला. टाकीचा बॉल कॉक बंदच होत नाहीये, रात्रभर ओव्हरफ्लो चालू असतो."

बॉल कॉक बदलला. दोन फ्लॅटचे फ्लश टँकही मिळाले.

खाली येऊन भाच्याला फोन लावला. "अजून पाचशे छाप. आणि गोंद जरा चिवट बघ."