पाण्याखाली दारू विझत नाही

स्कूबा डायव्हरने पाण्याखाली पिस्तूल झाडल्याचा व्हिडिओ फिरू लागला की त्याच्यामागे एक मजकूर हमखास येतो. म्हणणं असं : पाण्याखाली हवा नाही, म्हणून काडतुसातली दारू पेटणार नाही. पेटलीच तर नळी फुटेल. आणि गोळी सुटलीच तरी पाणी ती लगेच थांबवतं, त्यामुळे समोरच्याला काही होत नाही. तात्पर्य, व्हिडिओ बनावट. यातला पहिला मुद्दा साफ चूक आहे, दुसरा अर्धाच खरा आहे. तिसरा ऐकायला पटतो, आणि म्हणूनच तो सगळ्यांत घातक.

‘हवा नाही तर आग नाही’ हे चुलीला लागू आहे. काडतुसातली आजची दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो. जुन्या काळ्या दारूत तेच काम सोरा करायचा. जमिनीवर झाडतानाही दारू बाहेरची हवा घेत नाही. पाण्याचा दाब? दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि ९ मिमी काडतुसात स्फोटाच्या क्षणी दोन हजारांहून अधिक वातावरणांचा दाब तयार होतो. डायव्हर जातो त्या खोलीचा दाब त्यापुढे किरकोळच.

अडतं ते यंत्रात. फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर ठोका मारणाऱ्या खिळीच्या, मार्गात पाणी भरलं की पिनचा ठोका मंदावतो. म्हणूनच ग्लॉक पिस्तुलासाठी वेगळे ‘मॅरिटाइम स्प्रिंग कप’ मिळतात. ते पाण्याला बाजूने निसटायला वाट देतात. पुढे स्लाइडलाही (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे येताना पाणी ढकलावं लागतं, त्यामुळे रिकामी पुंगळी अडकून पुढची गोळी न चढण्याची शक्यता मोठी. रिव्हॉल्व्हरला स्लाइडच नसते, म्हणून ही अडचण नाही.

नळी फुटण्याबद्दल. पूर्ण बुडालेल्या पिस्तुलात गोळीला पुढचा पाण्याचा स्तंभ बाहेर ढकलावा लागतो, त्याने नळीतला दाब वाढतो. धडधाकट पिस्तूल ते बहुधा सोसतं, पण ‘बहुधा’वर हात पणाला लावायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. टोकाला खळगा असलेली गोळी मात्र जास्त वाईट : खळग्यात पाणी शिरून ती नळीतच फुलू शकते. नळीत अर्धवट पाणी राहिलेलं पिस्तूल पाण्याबाहेर काढून तसंच झाडणंही धोक्याचं.

आता तिसरा मुद्दा. याला पुरावा म्हणून नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेयास वाल यांचा २०१६चा प्रयोग दाखवतात. ते जलतरण तलावात स्वतःवर रोखलेल्या रायफलीसमोर उभे राहिले, दोरी ओढून ती झाडली, आणि गोळी त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच तळाला गेली. प्रयोग खरा आहे. (मग ‘पाण्याखाली दारू पेटत नाही’ या पहिल्या मुद्द्याचं काय झालं, हे मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी सांगावं.) पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे, आणि विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८ ग्रॅमची ९ मिमी गोळी सरळ गेली असं धरून ढोबळ गणित केलं, तर साधारण दर ६० सेंटिमीटरला तिचा वेग निम्मा होतो. ३५० मीटर प्रतिसेकंदाने निघालेली गोळी दोन मीटरवर तीस-पस्तिसावर येते. ती आडवी फिरली तर त्याहून लवकर.

पण हेच गणित उलट बाजूने वाचा. अर्ध्या मीटरवर त्याच गोळीचा वेग दोनशेच्या आसपास असतो, म्हणजे जीव घ्यायला पुरेसा. आणि पाण्याखाली दोन डायव्हर एकमेकांपासून किती लांब असतात? गढूळ पाण्यात तर बडी, म्हणजे डायव्हिंगमधला जोडीदार, हाताच्या अंतरावरच ठेवावा लागतो.

पाणी गोळीला थांबवतंच, हा नियमही आकारावर अवलंबून आहे. सोव्हिएत एसपीपी-१ हे चार नळ्यांचं पिस्तूल खास पाण्याखाली वापरण्यासाठीच बनवलं. त्याची ‘गोळी’ म्हणजे ४.५ मिमी जाडीचा, सुमारे ११५ मिमी लांबीचा पोलादी बाण. ५ मीटर खोलीवर त्याचा परिणामकारक पल्ला सुमारे १७ मीटर, ४० मीटर खोलीवर सुमारे ६. खोली वाढली की पल्ला घटतो, कारण बाणाभोवती तयार होणारी पोकळी बाहेरच्या दाबाने लवकर मिटते. दारूच्या पेटण्याशी त्याचा संबंध नाही.

मजकुरात ज्याचं नावही नाही, ती गोष्ट म्हणजे झाडताना पाण्यात उठणारी दाबाची लाट. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, आणि आपलं शरीर बरंचसं पाणीच असल्याने लाट त्वचेवरून परतत नाही, आत शिरते. इजा होते ती जिथे हवा असते तिथे : मधला कान, सायनस, फुप्फुसं. फायरिंग रेंजवर माणूस कानांत बोळे घालतो. डायव्हरला तेही घालता येत नाहीत, कारण खाली उतरताना त्याला कानातला दाब सारखा करत राहावं लागतं.