आर्किटेक्चर मॉडेल फेकून द्या म्हणणाऱ्यांनी आधी ‘ग्राहक’ कोण ते सांगावं

शनिवारी भाच्याने एक पोस्ट पाठवली, वर एकच ओळ: “मामा, तुझं दुकान बंद.” पोस्टचं नाव ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर मॉडेल फेकून देण्याची पाच कारणं’. भाचा हिंजवडीत कोड लिहितो, वय पंचवीस. मनावर घेतलं नाही. सोमवारी तीच पोस्ट आमच्या विमा कंपनीतल्या साहेबांनी अख्ख्या विभागाला मेल केली. पुढच्या महिन्यात बजेटची बैठक आहे, तेव्हा आता मनावर घेणं भाग आहे.

अशी मॉडेलं काढणं हेच माझं काम. ते ज्यांना परकं आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. कंपनी कोणती कामं करते, ती कोण करतं, त्यांना कुठल्या सिस्टीम लागतात आणि डेटा कुठून कुठे जातो, याचा एकमेकांत गुंतलेला नकाशा म्हणजे हे मॉडेल. जॉन झॅकमन यांनी १९८७ साली आयबीएमच्या नियतकालिकात त्याची चौकट मांडली. तेव्हापासून हा विषय मेल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात.

पहिलं कारण: मॉडेल काढल्या दिवशीच शिळं होतं. 

हे अर्धं खरं आहे, आणि कबूल करताना मला आनंद होत नाही. आमच्या कॉरिडॉरमध्ये २०१९ सालचं एक भलंमोठं पोस्टर आहे. त्यातल्या तीन सिस्टीम केव्हाच बंद पडल्या. सल्लागार कंपन्या चारशे पानांची मॉडेलं करून देतात, बिल लावतात, आणि ती फाइल पुन्हा कोणी उघडत नाही हेही पाहिलंय. पण शिळं होतं म्हणून टाकायचं असेल तर सातबाराही टाकून द्या. फेरफार नोंदवायचा असतो, एवढंच. आमच्याकडे नकाशातल्या प्रत्येक चौकोनाला एक जबाबदार माणूस आहे, आणि सिस्टीममधला बदल लाइव्ह जाताना नकाशातली नोंद बदलली नसेल तर ते काम पूर्ण झालं असं आम्ही धरत नाही. वर्षभर एकाही निर्णयात जो तपशील कोणी पाहिला नाही, तो आम्ही काढून टाकतो. मॉडेल जितकं जाड, तितकं लवकर नासतं.

दुसरं कारण: एआय कोड आणि लॉग (सिस्टीम आपल्या कामाच्या आपोआप ठेवते त्या नोंदी) वाचून जिवंत नकाशा आपोआप काढतो, माणसाची गरजच नाही. 

साहेबांना नेमकं हेच आवडलंय, आणि सगळ्यात घातक हेच आहे.

गेल्या वर्षीचंच घ्या. ३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेने जाहीर केलं की वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा कर शून्य. अंमल २२ सप्टेंबरपासून. हातात एकोणीस दिवस. गट विम्यावरचा १८ टक्के मात्र कायम. आमच्याकडे असं कोड वाचणारं टूल आहे, ते लगेच चालवलं. कर जिथे जिथे लागतो त्या जागांची यादी अर्ध्या दिवसात मिळाली. छान. पण त्यातली कुठली जागा वैयक्तिक पॉलिसीची, कुठली गटाची, आणि कुठली दोन्हीकडे वापरली जाते? कोडमध्ये होते प्रॉडक्टचे आकडे. त्या आकड्यांमागचा धंदा नकाशात होता. शिवाय लहान कंपन्यांच्या गट पॉलिसींची बिलं लेखा विभागातल्या एका मॅडमच्या एक्सेलमध्ये तयार होतात. ते एक्सेल कुठल्याही रिपॉझिटरीत, म्हणजे कोड साठवायच्या जागेत, नाही, त्याचा लॉग नाही. माझ्या नकाशात ते होतं, कारण दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या टेबलाशी बसून “हे बिल तुम्ही कुठून काढता?” असं विचारलं होतं. टूलने माझीही एक चूक पकडली, दोन सिस्टीमना जोडणारा एक जुना इंटरफेस मी बंद झाला असं धरून चाललो होतो. मान्य. म्हणून तर ते टूल ठेवलंय.

आता याहून मोठं. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती लॉइड्स या दुसऱ्या बँकेच्या सिस्टीमवरून आपल्या मालक बँकेच्या, म्हणजे स्पेनच्या सबादेलच्या, नव्या प्लॅटफॉर्मवर एका शनिवार-रविवारी हलवली. डेटा नीट गेला, पण प्लॅटफॉर्म कोसळला. लोकांना स्वतःचे पैसे दिसेनात, काहींना दुसऱ्याची खाती दिसली. कारभार पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला. २,२५,४९२ तक्रारी आल्या, ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई गेली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोन नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. 

बँकेनेच नेमलेल्या स्लॉटर अँड मे या वकिली संस्थेचा २०१९ चा अहवाल साहेबांनी वाचावा अशी माझी हात जोडून विनंती आहे. बँकेची दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती आणि दोन्हीची मांडणी एकसारखी असायला हवी होती. प्रत्यक्षात ती तशी नव्हती, आणि भार पेलण्याची चाचणी दोनपैकी एकाच सेंटरवर झाली होती.

हे ‘असायला हवी होती’ जिवंत नकाशात कुठून येणार? आपोआप काढलेल्या नकाशात दोन सेंटर दिसली असती, दोघांतला फरकही दिसला असता, आणि तो फरक म्हणजे चूक आहे हे कोणालाच कळलं नसतं. काय आहे ते यंत्र सांगतं. काय असायला हवं ते कोणीतरी ठरवून, सही करून लिहून ठेवावं लागतं, तेव्हा कुठे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतं. माझ्या नोकरीचा निम्मा वेळ या पाहण्यातच जातो.

तिसरं कारण: अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करत लवकर हातात द्यायची पद्धत, कागदपत्रं मानत नाही. 

अजाइलचा २००१ चा जाहीरनामा एका पानाचा आहे, पोस्ट लिहिणाऱ्याने शेवटचं वाक्य वाचलं असतं तरी चाललं असतं. उजवीकडच्या गोष्टींनाही (कागदपत्रं त्यातच येतात) मोल आहे, डावीकडच्यांना (चालणारं सॉफ्टवेअर त्यात येतं) जास्त, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पुढे.

चौथं कारण: एक चांगलं टूल घ्या, सगळं एका जागी ठेवा, सुसंगती आपोआप येते. 

पहिल्या दोन कारणांत मॉडेल नको आणि चौथ्यात मॉडेलचं टूल विकत घ्या! असो. टूल बाण चुकीच्या चौकोनाला जोडू देत नाही, हे खरं. पण आमच्या विक्रीवाल्यांचा ‘ग्राहक’ म्हणजे प्रस्तावावर सही करणारा बाप. क्लेमवाल्यांचा ‘ग्राहक’ म्हणजे इस्पितळात पडलेली मुलगी. हिशेबवाल्यांचा ‘ग्राहक’ म्हणजे ज्याच्या खात्यातून प्रीमियम कापला जातो तो, आणि तो कधीकधी आजोबा असतो. तिघांनी एकाच टूलमध्ये एकाच नावाचा चौकोन काढला. टूलच्या मते सगळं सुसंगत. मग वरून विचारणा झाली, “आपले एकूण ग्राहक किती?” तर तीन विभागांची तीन उत्तरं. ते सोडवायला टूलचं नवं व्हर्जन लागलं नाही. तिघांना एका खोलीत बसवलं, दोन दुपारी भांडू दिलं, आणि एका चौकोनाचे तीन चौकोन केले.

पाचवं कारण: बिझनेसला काय हवं ते बिझनेसलाच माहीत असतं, मधे आर्किटेक्ट कशाला. 

बिझनेसला विचारलं की उत्तर येतं, “ॲप हवंय.” कशासाठी हवंय, त्याने नूतनीकरणं वाढणार की फोन कमी होणार, हे तिसऱ्या बैठकीत निघतं. तोवर ॲपचा रंगही ठरलेला असतो.

साहेबांच्या मेलला मी उत्तर दिलंय, दोनच ओळींचं: टूलने काढलेल्या नकाशात ते बिलांचं एक्सेल मला दाखवा, मी आमच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स सोडायला तयार आहे. भाच्याला हे सगळं पाठवतोय. आणि कॉरिडॉरमधलं ते पोस्टर उद्या काढून टाकतो, तेवढं त्या पोस्टचं बरोबर आहे.